टॅबलेटवरचं झाड आणि एक मिटलेली फांदी



मागच्या लेखात मी ओळीच्या स्वयंपाकाबद्दल लिहिलं होतं आणि सोबत नऊ दिवसांचं एक रंगीत चित्र दिलं होतं. त्यानंतर दोघी-तिघींनी फोन करून विचारलं की ते चित्र कशावर काढलं? हाताने की कॉम्प्युटरवर? उत्तर एका ओळीचं आहे: टॅबलेटवर, माइंड मॅपच्या अ‍ॅपमध्ये. पण त्या अ‍ॅपने माझ्याकडून स्वयंपाकाशिवाय आणखी एक काम करून घेतलं. ते सांगितल्याशिवाय उत्तर अर्धंच राहील, म्हणून आज जरा लांब लिहिते आहे.

टॅबलेट माझा नाही. २०२० मध्ये शाळा घरात आली, तेव्हा नातवासाठी घेतला होता. पुढे शाळा पुन्हा शाळेत गेली आणि हा कपाटात जुन्या दप्तराखाली पडून राहिला. एका कोपऱ्यात काच तडकलेली आहे. सून म्हणाली, "मम्मी, मोबाइलवर वाचताना तुम्हाला त्रास होतो ना, हा घ्या. अक्षर मोठं दिसतं." मी घेतला आणि सहा महिने त्यावर फक्त स्तवनं ऐकली.

गेल्या चातुर्मासात आमच्या महिला मंडळाने ठरवलं की दर बुधवारी दुपारी स्वाध्याय करायचा आणि प्रत्येकीने एक विषय शिकवायचा. माझ्या वाट्याला 'आठ कर्मं' आलं. का, तर मी बी. कॉम. आहे. १९८० साली नागपूर विद्यापीठाची पदवी घेतली आणि त्याच वर्षी लग्न होऊन राइस मिलवाल्या घरात आले. तेव्हापासून हिशेबाचं काहीही निघालं की सगळ्या माझ्याकडे बघतात. "कर्माचा पण हिशेबच ना, तुम्हीच सांगा," म्हणाल्या. नाही म्हणता आलं नाही.

तयारीला बसले आणि घाम फुटला. ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूळ कर्मं आठ. त्यातली ज्ञानावरणीय, दर्शनावरणीय, मोहनीय आणि अंतराय ही चार घाती, म्हणजे आत्म्याच्या गुणांवरच घाला घालणारी. वेदनीय, आयुष्य, नाम आणि गोत्र ही चार अघाती. प्रत्येकाचे पुन्हा पोटभेद. तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात ते क्रमाने ५, ९, २, २८, ४, ४२, २ आणि ५ असे दिले आहेत. बेरीज ९७. कर्मग्रंथात नामकर्माचेच १०३ भेद मोजतात, म्हणजे एकूण १५८. मी वह्या काढल्या. एक पाठशाळेच्या दिवसांतली, एक सासूबाईंच्या हातची, एक माझी. सगळीकडे याद्या. चौथ्या पानावर आठ नावं, नवव्या पानावर मोहनीयाचे २८ भेद, आणि नवव्या पानावर पोचेपर्यंत चौथ्या पानाशी त्याचं नातं काय, हे डोक्यातून गेलेलं. पानं उलटून उलटून बोटं दुखली.

नातू बाजूला अभ्यास करत होता. आता नववीत आहे. म्हणाला, "दादी, यादी करून हे नाही राहणार लक्षात. झाड कर."

त्यानेच टॅबलेटवर अ‍ॅप उतरवून दिलं. पांढऱ्या पडद्याच्या मध्यभागी एक गोल आला. त्यात लिहायचं 'कर्म'. त्या गोलावर बोट ठेवलं की अधिकची खूण येते. ती दाबली की एक फांदी फुटते. फांदीवर पुन्हा तेच केलं की डहाळी. आवडली नाही तर बोटाने ओढून दुसरीकडे नेऊन लावायची. फांदीला रंग देता येतो, जाडी देता येते. चुकलं तर मागे जायचा बाण आहे. मला तर सगळ्यात जास्त तो बाणच आवडला. संसारात कुठे असा बाण मिळतो!

या पद्धतीला माइंड मॅप म्हणतात आणि हे नाव जगभर नेलं टोनी बुझान या इंग्रज लेखकाने. १९७४ मध्ये बीबीसीवर 'यूज युवर हेड' ही त्याची मालिका आली आणि त्याच नावाचं पुस्तकही. त्याचे नियम सोपे आहेत. विषय मध्यभागी, शक्यतो चित्र म्हणून. मुख्य मुद्द्यांच्या जाड फांद्या, त्यांना बारीक डहाळ्या. प्रत्येक फांदीचा रंग वेगळा. आणि एका फांदीवर एकच शब्द. बाकीचे नियम मला लगेच जमले, हा शेवटचा महिनाभर जमला नाही. आपल्याला सवय पूर्ण वाक्याची. मी फांदीवर लिहायची, 'ज्ञानाची आशातना केल्याने ज्ञानावरणीय कर्म बांधलं जातं'. नातू म्हणायचा, "दादी, ही फांदी आहे की मालगाडी?" गोंदिया जंक्शनजवळ राहणाऱ्या पोराला दुसरी उपमा कुठून सुचणार!

लिहायचं कसं, हाही प्रश्न होता. आमच्या घरात मारवाडी, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी. गोंदियात हे काही नवल नाही, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड दोन्ही उंबऱ्याशीच आहेत. पण मी शिकले मराठीत, म्हणून झाड मराठीत हवं होतं. कळफलकावर जोडाक्षरं शोधताना डोळे थकायचे. मग बोलून लिहायची सोय सापडली. माइकचं चिन्ह दाबून म्हटलं, 'मोहनीय'. त्याने लिहिलं 'मोहिनी'. अंतरायचं 'अंतराळ' झालं. शेवटी बोटाने पडद्यावर अक्षर काढायची सोय सुनेने दाखवली. पाटीवर लिहावं तसं लिहायचं आणि ते छापील होऊन येतं. आता मी तसंच करते.

कर्माला हात घालण्याआधी सराव म्हणून मी स्वयंपाकघराचं झाड केलं. मध्ये 'चातुर्मास'. एक फांदी तिथींची: बीज, पंचमी, आठम, अकरस, चौदस. एक फांदी बंद झालेल्या भाज्यांची. एक काळाची, म्हणजे मिठाई आणि खाकरे किती दिवस चालतात त्याची: पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २०, हिवाळ्यात ३०. सुनेला हे तोंडी सांगून सांगून माझी वीस वर्षं गेली, तिलाही ऐकून ऐकून वीस वर्षं गेली, आणि झाड बघून ती म्हणाली, "अच्छा, हे असं आहे होय!" मला थोडा रागच आला, पण खरं होतं ते.

दुसरं झाड नवपदाच्या ओळीचं, तुम्ही विचारलंत ते. आंबिलाची ओळी चैत्रात आणि आश्विनात, नऊ-नऊ दिवस. साडेचार वर्षांत नऊ ओळ्या, म्हणजे ८१ आंबिल. रोज एक पद, त्या पदाचा रंग आणि काही जणी त्या रंगाचंच धान्य घेतात. अरिहंत पांढरे, त्या दिवशी तांदूळ. आमच्या गोंदियाला त्याची काय कमी! सिद्ध लाल, गहू. आचार्य पिवळे, चणा. उपाध्याय हिरवे, मूग. साधू काळे, उडीद. उरलेली दर्शन, ज्ञान, चारित्र आणि तप ही चार पदं पुन्हा पांढरी, पुन्हा तांदूळ. प्रत्येक पदाच्या फांदीवर खमासमणांचा आकडा घातला: १२, ८, ३६, २५, २७, ६७, ५१, ७०, ५०. पहिल्या पाचांची बेरीज १०८ होते. माळेचे मणी १०८ का, हे पाठशाळेत शिकले होते, पण बेरीज डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिली.

हे झाड पूर्ण करून मी डोकं वर केलं तर समोर देवघरात सिद्धचक्राचा गट्टा. सासूबाईंच्या वेळचा, पंचधातूचा, तळहाताएवढा. मधोमध अरिहंत, वर सिद्ध, खाली उपाध्याय, दोन बाजूंना आचार्य आणि साधू, आणि मधल्या चार पाकळ्यांवर बाकीची चार पदं. मध्ये केंद्र, भोवती पाकळ्या, प्रत्येक पदाला रंग. पंचेचाळीस वर्षं मी ज्याची पूजा करते आहे त्याचीच मांडणी मी टॅबलेटवर नव्याने शिकत होते. मंडळात हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे हे सगळं आधीच होतं!" मी तिला म्हटलं, बाई, गट्टाजी पूजेसाठी आहेत आणि हे पाठांतरासाठी, दोन्ही एक नव्हे. 'आमच्याकडे आधीच होतं' हा तर सरळ मान कषाय झाला. सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची आठवण मला पुढे बोचली, ते येईलच.

बुधवारचे वर्ग छान चालले. टॅबलेट मी भिंतीला टेकवून ठेवायची आणि एक-एक फांदी उघडत जायची. अ‍ॅपची ही खुबी फार कामाची आहे. फांदी मिटवून ठेवता येते. मिटली की तिच्या टोकाला एक छोटा गोल राहतो आणि आत किती डहाळ्या आहेत त्याचा आकडा दिसतो. म्हणजे आधी नुसती घाती आणि अघाती दाखवायची, मग चार आणि चार, मग एकेक उलगडायची. १५८ भेद एकदम अंगावर येत नाहीत. एका काकींना चष्म्यानेही बारीक अक्षर दिसत नाही, त्या रंगावरून ओळखायच्या: "ते तांबडं मोहनीय ना?" मोहनीयाला मी मुद्दाम लाल दिला होता. आठांत तोच राजा.

तुमच्यापैकी कुणाला सुरू करायचं असेल तर अ‍ॅप पुष्कळ आहेत. सिंपलमाइंड, एक्समाइंड, माइंडमायस्टर, आयपॅड असेल तर माइंडनोड. फुकटात जेवढं मिळतं तेवढ्यात गृहिणीचं काम भागतं. आधी फुकट वापरून बघा, पैसे नंतर. माझ्या चुकांतून शिकलेल्या चार गोष्टी मात्र लक्षात ठेवा.

पहिली, झाड झालं की त्याचं चित्र किंवा पीडीएफ करून घरातल्या आणखी कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. टॅबलेट फार हळू चालतो म्हणून नातवाने एकदा तो पुसून कोरा केला आणि माझं दर्शनावरणीय अख्खं गेलं. नऊच्या नऊ भेद. पोरगं रडवेलं झालं. त्याला म्हटलं, आवरणच गेलं, चांगलं झालं की!

दुसरी, पीडीएफ पाठवण्याआधी उघडून बघा. काही अ‍ॅपमध्ये मराठीच्या वेलांट्या सुटून बाजूला पडतात.

तिसरी, बँकेचे नंबर, पासवर्ड, लॉकरची माहिती झाडात घालू नका. झाड दुसऱ्याला दाखवावंसं वाटतं, हाच त्याचा गुण आणि हाच धोका.

चौथी आपल्यासाठी जास्त महत्त्वाची. सामायिकात आणि प्रतिक्रमणात टॅबलेट चालत नाही. विजेचं साधन, तेउकायाचा संघट्टा होतो. एका मैत्रिणीने विचारलं, मग उपयोग काय? धर्माचा अभ्यास करायचा आणि धर्माच्या वेळेलाच बंद! मलाही आधी तसंच वाटलं. मग मी असं करू लागले. सामायिकाआधी झाड पाच मिनिटं बघायचं, टॅबलेट बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवायचा, आणि त्या ४८ मिनिटांत डोळे मिटून तेच झाड मनात पुन्हा काढायचं. मधल्या गोलापासून. कुठे अडलं ते लक्षात ठेवायचं आणि नंतर उघडून तेवढंच बघायचं. मैत्रिणींनो, पाठांतर खरं झालं ते टॅबलेट बंद असताना. उघडा असताना वाटतं सगळं येतं, कारण सगळं समोर असतं.

आता दुसरं काम सांगते.

पर्युषणाच्या आधीचा बुधवार. रोवणी कधीच आटोपली होती, बाहेर पाऊस होता, चौदा जणी आल्या होत्या. मी मोहनीयाची फांदी उघडली. २८ भेद: दर्शन मोहनीयाचे ३, चारित्र मोहनीयाचे २५. त्या पंचविसांत १६ कषाय आणि ९ नोकषाय. सोळा कसे? क्रोध, मान, माया, लोभ हे चार, आणि प्रत्येकाच्या चार पायऱ्या. संज्वलन कषाय टिकतो १५ दिवस. प्रत्याख्यानावरण चार महिने. अप्रत्याख्यानावरण एक वर्ष. अनंतानुबंधी जन्मभर. आणि म्हणूनच आपलं पक्खी प्रतिक्रमण पंधरवड्याने, चौमासी चार महिन्यांनी आणि संवत्सरी वर्षाने. हे मी प्रत्येक फांदीवर आकड्यात घातलं होतं. शास्त्रातल्या क्रोधाच्या उपमाही सांगितल्या: पाण्यावरची रेघ, वाळूतली रेघ, जमिनीची भेग आणि दगडाला गेलेली चीर. भेग म्हणजे काय ते आमच्याकडे समजावावं लागत नाही. उन्हाळ्यात बांधीला अशा भेगा पडतात की पाय मुरगळावा, आणि पावसाळा लागला की बुजतात. वर्षाच्या आत. दगडाची चीर पावसाने बुजत नाही.

मागे बसलेल्या एका नव्या सुनेने विचारलं, "मग संवत्सरी होऊनही मनात राहिलं तर?"

मी म्हटलं, "मग तो अनंतानुबंधीकडे गेला समजायचं. तो सम्यक्त्व येऊ देत नाही, आलेलं टिकू देत नाही." वही मिटावी तसं उत्तर दिलं आणि पुढच्या फांदीवर गेले.

घरी येऊन मी क्षमापनेचं झाड करायला घेतलं. दरवर्षी फोन करताना कुणीतरी राहून जातं, म्हणून यंदा झाड. मध्ये 'मी'. फांद्या: माहेर, सासर, शेजार, मंडळ, मिलवरची माणसं, घरात कामाला येणाऱ्या बाई. एकेक नाव टाकत गेले. मोठं झाड झालं. बोलणं झालं की नाव हिरवं करायचं, असं ठरवलं.

दोन दिवसांनी नातू बघत होता. सासरच्या फांदीवर एक छोटा गोल होता, आत आकडा ४. त्याने सहज बोट लावलं. फांदी उघडली. धाकटे काका, काकी आणि त्यांची दोन मुलं.

"दादी, हे बंद का केलंस?"

मी म्हटलं, "चुकून झालं असेल." पण चुकून झालं नव्हतं. मी त्यांची नावं लिहिली होती, कारण खोटं झाड करायचं नव्हतं. आणि मिटवली होती, कारण बघायची नव्हती. कर्मबंधाबद्दल शिकवताना मीच सांगितलं होतं की बांधलेलं कर्म उदयाला येईपर्यंत सत्तेत पडून असतं. दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे.

गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. आमच्या मिलचे वाटे झाले होते, चुली वेगळ्या झाल्या होत्या. दीर रेल्वे लाइनच्या पलीकडे राहायला गेले, त्यांनी दुकान टाकलं. गट्टाजी थोरल्या घरात, म्हणजे माझ्याकडे राहिले. चैत्राच्या ओळीत जाऊबाईने विचारलं, "जीजी, नऊ दिवस गट्टाजी माझ्याकडे देता का?" चार बायका बसल्या होत्या. मी म्हटलं, "तुझ्या घरी रात्री साडेनऊला ताटं वाढली जातात. तिथे गट्टाजी कसे पाठवू?"

ती काही बोलली नाही. चहा न घेता उठली. त्यानंतर लग्नकार्यात समोरासमोर आलो, हात जोडले, झालं. आणि दर संवत्सरीला मी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकत होते. त्या ग्रुपमध्ये तीही आहे. म्हणजे माझ्या लेखी क्षमा मागून झाली होती. अकरा वेळा.

बी. कॉम.ला आम्हाला तेरीज शिकवायचे. नावे आणि जमा दोन्ही बाजू जुळल्या की विद्यार्थी खूश. सर मात्र बजावायचे की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असं समजू नका. जो व्यवहार किर्दीत लिहायचाच राहून गेला, तो तेरजेत कधीच सापडणार नाही, कारण तो दोन्ही बाजूंनी गायब असतो. माझी तेरीज अकरा वर्षं जुळत होती.

आणखी एक गोष्ट त्या रात्री झाडात बघताना कळली. मी हे सगळं इतकी वर्षं 'क्रोध' समजत होते, तिला माझा राग आला आहे असं. पण मुळात तिथे क्रोध नव्हताच. मी बोलले ते मानाने. माझं घर जास्त धर्माचं, माझं ताट सूर्यास्ताआधीचं, हा मान. सोळातली माझी डहाळी दुसरीच होती. मंडळात हसत हसत दुसरीला सांगितलेलीच.

संवत्सरीच्या आदल्या दिवशी दुपारी मी ई-रिक्षा केली आणि लाइन ओलांडून गेले. घरात कुणाला सांगितलं नाही. दार तिनेच उघडलं. सवयीने वाकून पाया पडली, आणि मग दोघी तशाच उभ्या. मी तयार करून गेलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं, "त्या ओळीत मी तुला चारचौघींत बोलले. ते चुकलं माझं. मिच्छामि दुक्कडम्."

ती म्हणाली, "बसा ना जीजी." पाणी आणलं. उकळलेलं. माझा तप सुरू असेल हे तिने न विचारता धरलं होतं. मग म्हणाली, "मला गट्टाजी नको होते. गट्टाजी आले असते तर तुम्ही रोज पूजेला आला असता, म्हणून मागितले. नवीन घर होतं, कुणी यायचं नाही." थोडं थांबून म्हणाली, "आणि साडेनऊला ताट यांचं असायचं, दुकान बंद करून यायचे ते. मी तर तेव्हाही चौविहार करत होते. तुम्ही विचारलं कुठे?"

मी खरंच विचारलं नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही नाही.

सगळं एका दुपारीत मिटलं असं मी सांगणार नाही. दीर आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. अजूनही ते माझ्याशी मोजकंच बोलतात. पण आश्विनात गट्टाजी लाइनच्या पलीकडे गेले आणि नऊ दिवस मी रोज सकाळी पूजेला तिकडे. तिच्याकडची मुगाची आंबिलाची खिचडी माझ्यापेक्षा चांगली होते. मागच्या लेखातली कृती तिचीच होती, हे तेव्हा लिहायचं राहिलं, आज लिहिते. आता चैत्राची ओळी माझ्याकडे आणि आश्विनाची तिच्याकडे, असं ठरलं आहे. ओळीचं झाड मी तिच्या मोबाइलवर पाठवलं आहे. तिने त्यात साधूंच्या दिवसाला उडदाच्या दोन पदार्थांची भर घालून परत पाठवलं.

तर मैत्रिणींनो, माइंड मॅप जरूर शिका. फार अवघड नाही, पासष्टीत मला आलं म्हणजे तुम्हाला येईल. आधी किराण्याचं झाड करा, मग चातुर्मासाचं, मग हवं तर कर्मांचं. अ‍ॅप तुम्हाला ज्ञान देणार नाही, मांडणी देईल. ती मांडणी बघताना ज्या फांदीवर काहीच नाही किंवा जी मिटलेली आहे, तिथे जरा जास्त वेळ थांबा.

यंदाचं क्षमापनेचं झाड मी कालच उघडलं. सासरची फांदी सगळी उघडी आहे. माहेरच्या फांदीवर एक छोटा गोल दिसतो आहे, आत आकडा १. तो कुणाचा, ते मला माहीत आहे. संवत्सरीला अजून अठरा दिवस आहेत.

लिहिण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.